मुलाला घरी आणू नका, त्याला भेटायला जा

पत्र : ताई, मी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कात्रजकडे तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. दिवाळीला घरी आला तेव्हा हिनं जीन्स धुवायला काढली, तर खिशात माव्याची पुडी निघाली. मग मी त्याच्या खात्याचं स्टेटमेंट बघितलं. रोज एकाच टपरीवर चार-पाच वेळा दहा-वीस रुपये गेलेत आणि शनिवारी एकदम पाचशे-सहाशे. भाचा पुण्यातच असतो. तो म्हणाला, खोलीवर बिअर असते, एक-दोनदा गांजाही ओढलाय. दोन विषय राहिलेत. ही म्हणते, कॉलेज सोडवून घरी आणा. मेव्हणे म्हणतात, तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका. कुणी लघवी तपासायचं किट आणायला सांगतं. मी स्वतः तंबाखू खातो, पण दारूला आयुष्यात शिवलो नाही. मुलगा किती पुढे गेलाय हे कसं ओळखू? आणि आता काय करू?

नमस्कार गुरुजी,

तुमच्या घरात सध्या तीन सल्ले फिरताहेत: घरी आणा, केंद्रात टाका, लघवी तपासा. या तिन्हींतलं काहीही या महिन्यात करू नका. त्याची परीक्षा तोंडावर आहे. परीक्षेतून उठवून आणलेला मुलगा व्यसन सोडत नाही, बोलणं सोडतो. आणि तुमच्या पत्रातून जेवढं कळतं त्यावरून त्याला भरती करण्याची वेळ आलेली दिसत नाही. शिवाय तो सज्ञान आहे. वडील म्हणतात एवढ्यावर त्याला कुठल्या केंद्रात डांबून ठेवता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या उपचारांनाही लागू आहे.

तुम्हाला झोप येत नाही ती बिअर आणि गांजामुळे. मला मात्र सगळ्यात आधी त्या पुडीची काळजी वाटली.

कॉलेजच्या मुलांशी बोलताना मी हे सतत पाहते. गांजाचं नाव निघालं की आई-वडील हादरतात, बिअरचं निघालं की चिडतात, आणि मावा म्हटलं की "तेवढं तर सगळेच खातात" म्हणून सोडून देतात. मुलंही असाच हिशेब करतात. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या व्यसनांच्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले आणि भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. तंबाखूचं वेगळं सर्वेक्षण २०१६-१७ चं आहे. त्यात २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे ग्राहक होते. ओढणारे १०.७ टक्के, आणि तोंडात धरणारे-चघळणारे त्याच्या दुप्पट, २१.४ टक्के. म्हणजे ज्याला घाबरत नाही तेच घरोघरी आहे. कॉलेज सुटल्यावर शनिवारची बिअर पुष्कळांची आपोआप कमी होते. मित्र पांगतात, नोकरी लागते, लग्न होतं. तोंडातली पुडी मात्र नोकरीच्या ठिकाणीही बरोबर येते, कारण तिला सोबत लागत नाही, जागा लागत नाही आणि दहा रुपयांत काम भागतं.

मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घासून एकजीव केलेला. तुम्ही खाता त्या मळलेल्या तंबाखूपेक्षा यात सुपारी जास्तीची. आणि सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीसेक वर्षांपूर्वीच मान्य केलंय. त्याआधी आणखी एक होतं, तेही तरण्या मुलांना: गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. दातांचे डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवात अगदी साधी असते. तिखट झोंबायला लागतं. खानावळीतली रोजचीच आमटी, पण पोरगं पाणी मागतं. तुमच्या घरी तर शेंगदाण्याची चटणी रोज ताटात असणार. दिवाळीत त्यानं ती बाजूला सारली होती का, आठवून बघा.

एक तपासणी घरच्या घरी होते. आपलीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं. गालात पांढुरका पट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, जाड झालेली कातडी दिसली तर तीन बोटं जात असली तरी जायचं. कडक झालेलं अस्तर मावा सोडल्यावरही सहसा पूर्ववत होत नाही, पुढचं नुकसान तेवढं कमी होऊ शकतं. म्हणून इथे उशीर महाग पडतो. ही तपासणी तुम्ही स्वतःवरही करा. त्याच्यासमोर करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, किती पुढे गेलाय. त्याचं अर्धं उत्तर त्या स्टेटमेंटमध्येच आहे, फक्त तुम्ही रकमा वाचल्या आणि वेळा सोडून दिल्या. पैसे कुठल्या वेळी गेले ते बघा. सकाळी अकराला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला असे गेले असतील तर ते लेक्चरच्या मधले ब्रेक आहेत. सगळे टपरीवर जातात, हाही जातो. त्यातले काही चहाचे असतील, वडापावचे असतील. पण रोज सकाळी उठल्या उठल्या, सात-साडेसातलाच पहिले दहा रुपये जात असतील, तर शरीर मागू लागलंय. जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली पुडी किंवा पहिली सिगारेट लागणं ही निकोटिनची पकड घट्ट झाल्याची ओळखीची खूण आहे. सुट्टीच्या दिवशी, मित्र गावी गेलेले असताना काय होतं तेही बघा. एकटा असताना तेवढेच पैसे जात असतील तर प्रश्न संगतीच्या पुढे गेलाय. आणि दिवाळीत तुमच्याकडे होता त्या दिवसांत तो काय करत होता? चिडचिड, सारखं "जरा चौकात जाऊन येतो"?

मुलांचं पिणं-ओढणं वर्षभर सारखं नसतं, ते सेमिस्टरच्या तालावर चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये नवी ओळख, नवी खोली, फ्रेशर्स, त्यातच गटारी. सबमिशन आणि व्हायवाच्या दिवसांत रात्री जागायच्या, तेव्हा सिगारेट आणि मावा वाढतो, बिअर कमी होते. शेवटचा पेपर संपला की त्याच रात्री खोलीवर "बसायचं" ठरतं, सगळ्यांची कॉन्ट्री निघते. तुमच्या स्टेटमेंटमधले शनिवारचे पाचशे-सहाशे बहुधा ही कॉन्ट्रीच असावी. कदाचित त्या दिवशी सगळ्यांचे पैसे यानेच भरले असतील आणि नंतर परत आले असतील. जमेच्या बाजूलाही नजर टाका.

बार्शीहून, लातूरहून, नांदेडहून, धाराशिवहून आलेली मुलं पुण्यात पहिल्या वर्षी कुणाशी बोलतात? वर्गात इंग्रजीतून फाडफाड बोलणारी मुलं असतात, यांना शंका विचारायचाही धीर होत नाही. टपरीवर मात्र कुणी विचारत नाही की तू कुठल्या माध्यमातला. तिथे बाकड्यावर जागा मिळते, गावाकडची भाषा चालते, नोट्स मिळतात, कुठल्या मास्तरांचा पेपर कसा असतो ते कळतं. सुट्टा किंवा मावा हे त्या बाकड्याचं भाडं असतं. त्यामुळे "त्या पोरांची संगत सोड" असं म्हणालात तर तुम्ही त्याला त्याच्या एकुलत्या एक आधारापासून तोडायला सांगताय, आणि तो ते करणार नाही. मुलगा टपरीवर चहा पिऊन परत येऊ लागला तरी पुष्कळ झालं. अशी मुलं मी पाहिली आहेत. पहिले दोन आठवडे मित्र चेष्टा करतात, मग विसरतात.

खरं तर कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि त्या आदेशांत माव्यासारखी मिश्रणंही येतात. कॉलेजांनी आणि पोलिसांनी हे मनावर घेतलं असतं तर तुमच्यावर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. याचा मला मनापासून राग येतो. पण तुमच्या मुलासाठी त्यावर विसंबून राहता येणार नाही.

बिअरबद्दल. "बिअरच तर आहे" हे वाक्य तुम्हाला त्याच्याकडून ऐकायला मिळेल, तेव्हा त्याला आकड्यांत उत्तर द्या, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल धरलं तर ते सुमारे ४० ग्रॅम होतं. व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग म्हणजे १० ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग झाले, दीड बाटलीत सहा. ६० ग्रॅम आणि त्यावर एका बैठकीत गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला धोक्याचं पिणं म्हणते. पोरं आठवडाभर थेंबाला शिवत नाहीत आणि शनिवारी दोन-दोन बाटल्या रिचवतात, म्हणून त्यांना वाटतं आपल्याला सवय नाही. सवय नसेलही. अपघात मात्र याच रात्री होतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि कडक दारूसाठी २५, हे त्याला माहीत असेल-नसेल. त्यापेक्षा दोन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या. प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही आणि प्यायलेल्याच्या मागेही बसायचं नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर प्यायलेल्या मुलाच्या गाडीखाली गेले, ते पुण्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट, खोलीवर कुणी हलवूनही जागा होत नसेल तर "झोपू दे, उतरेल" म्हणून दिवा मालवायचा नाही. त्याला कुशीवर वळवायचं, एकानं शेजारी बसायचं, श्वास संथ किंवा घरघरीत वाटला तर १०८ ला फोन करायचा. पोलीस येतील, घरी कळेल या भीतीनं पोरं हा फोन करत नाहीत. तुम्ही त्याला सांगून ठेवा, अशा फोनबद्दल मी तुला कधीही रागावणार नाही.

गांजा एक-दोनदा ओढला असेल तर त्यावरून आकाशपाताळ एक करू नका, पण दुर्लक्षही नको. दोन गोष्टी विचारा. तो रोज ओढतो का? आणि तुमच्या किंवा वहिनींच्या घराण्यात कुणाला भास होणं, संशय येणं असा मानसिक आजार होता का? असेल तर त्याच्यासाठी गांजा इतरांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे. हे त्याला घाबरवण्यासाठी सांगायचं नाही, घरची माहिती म्हणून सांगायचं. कायद्याचंही सांगा. थोडा गांजा जवळ सापडला तरी वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कायद्यात, कलम ६४-अ मध्ये, अशीही सोय आहे की व्यसनात सापडलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा थोडा माल बाळगल्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. मदत मागितली की पोलीस केस होते, ही भीती मुलांच्या मनातून काढायला हवी.

लघवीच्या किटनं काय कळेल? एखादवेळी ओढलं असेल तर काही दिवसांत काही सापडणार नाही, रोज ओढत असेल तर आठवडे उलटले तरी सापडेल. मावा आणि बिअर, ज्यांची मुख्य काळजी आहे, ती तर त्या किटमध्ये नसतातच. आणि बापानं चोरून लघवी तपासली हे त्याला कळलं की पुढची दहा वर्षं तो तुम्हाला खरं सांगणार नाही.

एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरचं, नाव तुमच्या पत्रात नाही, तरी खुणा सांगून ठेवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं होतं. पुण्यात ती पावडर दुर्मीळ नाही. सलग दोन-दोन रात्री झोप नाही, जबडा आवळलेला, वजन झपाट्यानं उतरलेलं, मग दोन दिवस मेल्यासारखी झोप, आणि पैशांची मागणी शेकड्यांतून एकदम हजारांत. असं दिसलं तर परीक्षा बघायची नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे थेट न्यायचं. सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो आणि प्यायल्यावरच थांबतं असं असेल तरीही डॉक्टरच हवेत. अशा वेळी दारू एकदम बंद करणंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

आता जायचं कसं. पेपर संपले की त्या आठवड्यात रजा टाका आणि एकटे जा. आदल्या दिवशी फोन करून "येतोय" म्हणा, छापा घालू नका. खोलीवर मित्रांसमोर विषय काढू नका. त्याला घेऊन जेवायला जा, मग चालायला जा. चालताना मुलगे जास्त बोलतात, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. सुरुवात खरं सांगून करा: "खिशात मावा सापडला. मी तुझं स्टेटमेंट बघितलं. आधी राग आला होता, आता काळजी वाटते. तू दिवसाला किती खातोस?" एवढं बोलून गप्प बसा. वर्गात प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? त्याहून जास्त थांबा. भाच्याचं नाव घेऊ नका, नाहीतर पुण्यात लक्ष ठेवणारा एकमेव नातेवाईक गमवाल. मुलगा निम्मं सांगेल. निम्म्यावर समाधान माना.

आणि मग तो म्हणेल, "पप्पा, तुम्ही पण खाताच की."

गुरुजी, या वाक्याला तुमच्याकडे आज उत्तर नाही, आणि "माझी गोष्ट वेगळी" हे उत्तर नव्हे. तुम्ही दारूला शिवला नाहीत याचा मला आदर आहे. पण तुमच्या मुलानं घरात दारू पाहिली नाही, तंबाखू पाहिली. जेवण झालं की तळहातावर मळणारे वडील पाहिले. लहान असताना दुकानातून पुडी आणायला बहुधा तोच गेला असेल. तुमच्या आणि त्याच्या शरीरात एकच निकोटिन आहे. म्हणून माझी विनंती आहे की तुम्ही दोघांनी एकाच दिवशी सोडा. तारीख त्यानं ठरवावी, त्याच्या परीक्षेनंतरची. रोज रात्री एक फोन: "आज किती?" खोटं बोलायचं नाही, रागवायचं नाही. तुमचं घसरलं तर तेही सांगायचं. तुमच्याकडून "आज मला राहवलं नाही" हे ऐकलं तर तोही त्याचं लपवणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. डोकं दुखतं, शौचाला होत नाही, वर्गातल्या पोरांवर उगाच ओरडाल. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ हा तुमच्या खिशातल्या पुडीवरच छापलेला असतो. मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळलं की मळमळतं, आणि लोक "उपयोग नाही" म्हणून फेकून देतात. दोन-चारदा हळू चावायचं, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की परत चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. त्याचं तोंड कमी उघडत असेल तर चघळणं अवघड जाईल. डॉक्टर मग पट्टी किंवा गोळ्या देतील.

दारू-गांजासाठी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. त्याला टपरीपेक्षा वर्गाची, राहिलेल्या विषयांची भीती जास्त असेल तर दुसरा आधी उपयोगी पडेल. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. भरती न होता फक्त बोलायला, समुपदेशनाला जाता येतं. पहिल्यांदा मुलगा तयार नसेल तर तुम्ही एकटे जाऊन या.

पैसे पूर्ण बंद करू नका. बंद केले की उधारी सुरू होते, आणि टपरीची उधारी आपल्या हाताबाहेरची असते. महिन्याचे एकदम न देता आठवड्याला पाठवा. खोलीभाडं आणि मेसचे थेट तिकडे भरा. पुढच्या वर्षी खोली बदलायची का, ते त्यालाच विचारा. चौघांतला एखादा तरी बहुतेक वेळा न पिणारा असतो आणि तोही दुसरी खोली शोधत असतो.

वहिनींना हे पत्र वाचायला द्या. त्यांनी फोनवर "खाल्लास का तू ते?" असं रोज विचारू नये. जेवलास का, पेपर कसा गेला, एवढंच विचारावं. माव्याचं तुम्ही दोघं बोलताय हे त्यांना माहीत असू दे आणि त्याला आईशी बोलायला दुसरा विषय राहू दे. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. सकाळची पहिली पुडी किती वाजेपर्यंत पुढे ढकलता आली, तुमची आणि त्याची, तेही लिहा.

तुमची,
ताई